लेमन सेट आणि छोटे शेठ

आपल्या मध्यमवर्गात प्रत्येक वयाचा अभ्यासक्रम ठरलेला असतो. पंचविशीपर्यंत पदवी, तिशीत होम लोनचा व्याजदर, चाळिशीत रक्तातली साखर आणि पन्नाशीत गुडघे. या क्रमात विद्यापीठ पुन्हा येत नाही. त्यामुळे बेचाळिसाव्या वर्षी आमच्या सौभाग्यवतींनी पुन्हा विद्यापीठात नाव घातलं, तेव्हा भाईंदर पूर्वेच्या आमच्या इमारतीत दोन मतप्रवाह निर्माण झाले. एका मतानुसार आमचं दोघांचं बिनसलं होतं. दुसऱ्या मतानुसार बँकेत माझं काहीतरी बरंवाईट होणार होतं आणि ही आधीच सोय करून ठेवत होती. शिकावंसं वाटलं म्हणून शिकत असेल, हा तिसरा मतप्रवाह कोणाला सुचला नाही.

त्यातून विषयाचं नाव असं, की सांगताना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो. प्रारंभिक बाल्यावस्थेचं विकासात्मक मानसशास्त्र! आता मीरा-भाईंदरमध्ये ‘विकास’ म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मिठागराच्या दिशेने आणखी एक बावीस मजली टॉवर उभा राहिला की विकास झाला. हिच्या विषयात मात्र जन्मापासून आठ वर्षांपर्यंतच्या, जेमतेम तीन-चार फुटी बांधकामांचा विचार होता.

आमच्या आईने तो सगळा एका वाक्यात आटोपला. “म्हणजे पोरं सांभाळायची ना? त्याला कॉलेज कशाला? मी तीन सांभाळली. एकाला तर बँकेत चिकटवलं.”

हा प्रश्न तसा जुनाच. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं, तेव्हाही ‘त्याला कॉलेज कशाला’ हेच कोणीतरी म्हणालं असणार. त्याच एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या जुहूच्या आवारात ही जाऊ लागली. भाईंदर ते सांताक्रूझ. ज्याने सकाळी आठच्या सुमारास भाईंदरला विरारहून आलेल्या लोकलमध्ये शिरायचा प्रयत्न केला आहे, त्याला उच्च शिक्षण हा शब्द शब्दशः कळेल. एक पाय फूटबोर्डावर, दुसरा अधांतरी.

पहिला गृहपाठ मिळाला तो निरीक्षणाचा. एका मुलाकडे दहा मिनिटं बघायचं आणि ते जे करील तेवढंच लिहायचं. स्वतःचं मत लिहायचं नाही. ‘मूल हट्टी आहे’ हे मत. ‘मुलाने चप्पल तीनदा खाली टाकली आणि तिन्ही वेळा ती पडताना बघितली’ हे निरीक्षण. लेडीज डब्यात एकीकडे मटार सोलणाऱ्या बायका आणि दुसरीकडे कोणाच्या तरी मांडीवरच्या बाळाकडे टक लावून वहीत लिहिणारी आमची ही, असं दृश्य महिनाभर होतं. बाळाच्या आया आपापली बाळं पदराखाली घेऊ लागल्या, तेव्हा कुठे ती वही बंद झाली.

पण त्या गृहपाठात काहीतरी आहे हे मला बँकेत जाणवलं. आमच्याकडे कर्मचाऱ्यावर शेरे मारतात त्यात ‘उद्धट’, ‘संथ’, ‘सहकार्य करत नाही’ अशी मतंच मतं असतात. चप्पल किती वेळा टाकली, हे कोणीच लिहीत नाही.

मग घरात पियाजे आले. जाँ पियाजे हा स्वित्झर्लंडचा गृहस्थ, १८९६ साली जन्मला आणि १९८० साली वारला. उमेदवारीच्या काळात, १९२० च्या सुमारास, पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापनाच्या चाचण्यांचं काम त्याच्याकडे आलं. काम साधं होतं. उत्तर बरोबर की चूक ते बघायचं आणि गुण द्यायचे. पण या माणसाला चुकीच्या उत्तरांचीच गोडी लागली. एका वयाची मुलं साधारण एकाच प्रकारच्या चुका करतात, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणजे त्या चुका नव्हेतच. त्या वयाचा तो स्वतंत्र हिशेब आहे आणि तो त्याच्या जागी चोख आहे. पुढे त्याने स्वतःच्या तीन मुलांचं बारकाईने निरीक्षण करून पुस्तकं लिहिली. माझा जन्म दिवसअखेरीच्या टॅलीतला फरक शोधण्यात गेला. पण फरक सापडल्यावर त्याच्याकडे कौतुकाने बघत बसलेला अधिकारी मी अजून पाहिलेला नाही.

पियाजेचा पाण्याचा प्रयोग घरी करायचं ठरलं. त्यासाठी लागणारं मूल म्हणजे समोरच्या फ्लॅटमधले साडेतीन वर्षांचे गृहस्थ. वडिलांचा स्टीलच्या भांड्यांचा छोटा कारखाना असल्यामुळे आणि चालण्यात वजन असल्यामुळे आम्ही त्यांना ‘छोटे शेठ’ म्हणतो. अडचण वेगळीच आली. या प्रयोगाला पारदर्शक भांडी लागतात आणि दोन्ही घरांत मिळून पेला म्हटला की स्टीलचा. पियाजे स्वित्झर्लंडमध्ये जन्मला म्हणून निभावलं, भाईंदरला जन्मता तर मानसशास्त्र आहे तिथेच राहिलं असतं. शेवटी आमच्या लग्नात आलेला आणि वीस वर्षं शोकेसमधून न हललेला लेमन सेट बाहेर निघाला. आईने देवघरातून “फुटेल हो!” अशी सूचना दिली.

दोन सारख्या ग्लासांत सारखं कोकम सरबत ओतलं. छोटे शेठनी दोन्ही सारखे आहेत असा निर्वाळा दिला. मग एका ग्लासातलं सरबत हिने त्यांच्यासमोर एका उंच, अरुंद फुलदाणीत ओतलं. “आता जास्त कुठे आहे रे?” शेठनी क्षणाचाही विलंब न लावता फुलदाणीकडे बोट दाखवलं. “का बरं?” “ते मोठं आहे.” सरबत परत ग्लासात ओतलं. पुन्हा सारखं झालं. शेठना यात काहीच वावगं वाटलं नाही. “मी पिऊ?” एवढं विचारून त्यांनी प्रयोग संपवला.

साधारण सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलांची नजर उंचीवर जाते आणि रुंदीचा हिशेब मागे पडतो, असं हिने मला समजावलं. मला ते समजावायची गरज नव्हती. पाचशेच्या दोन नोटा हातात ठेवल्या तर ज्यांचा चेहरा पडतो, त्यांनाच दहाच्या नोटांचं कोरं बंडल दिलं की मुलीचं लग्न पार पडल्यासारखा आनंद होतो. रुपये हजारच. पण फुलदाणी मोठी ना!

तेवढ्यात हिने पान उलटलं आणि पियाजेचीही बाजू थोडी लंगडी केली. रोझ आणि ब्लँक या दोन संशोधिकांनी १९७४ साली असं दाखवलं, की ‘जास्त कुठे?’ हा प्रश्न आधी न विचारता फक्त मांडणी बदलल्यावर एकदाच विचारला तर मुलं कमी चुकतात. कारण मोठ्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला वाटतं, आपलं पहिलं उत्तर यांना आवडलेलं दिसत नाही. हे वाचून मला छोटे शेठबद्दल एकदम बंधुभाव वाटला. साहेबांनी “नक्की?” असं दुसऱ्यांदा विचारलं, की बरोबर आलेली बेरीजही आम्ही बदलतो.

नंतर मिठाईचा प्रयोग. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत वॉल्टर मिशेलने तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस चालवला. मुलासमोर एक मिठाई ठेवायची. आत्ता खाल्लीस तर एकच, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. थांबणारी मुलं पुढे शाळेत हुशार निघतात, असं त्यावरून पुष्कळ वर्षं सांगितलं गेलं. मला हे फार आवडलं, कारण ही तर मुदत ठेव झाली आणि छोटे शेठ म्हणजे मुदतपूर्व मोड. पण २०१८ साली जास्त मुलांवर पडताळा घेतला आणि घरची परिस्थिती हिशेबात धरली, तेव्हा त्या भाकितातला बराच जोर ओसरला. त्याआधी २०१३ साली आणखी एक गंमत दिसली होती. ज्या मोठ्या माणसाने आधी एकदा शब्द मोडला, त्याच्या भरवशावर मुलं फार थोडा वेळ थांबली. यात हावरटपणा कसला? बँकेबद्दल नुसती कुजबुज झाली तरी चांगली साठीची माणसं ठेवी मोडायला रांग लावतात.

इथपर्यंत सगळा खेळ होता. खरा प्रश्न आला तो छोटे शेठच्या आईच्या रूपाने. शेठ ज्या प्ले-स्कूलमध्ये जातात तिथे एबीसीडी लिहायला देतात, चार रेघांच्या वहीत, रोज एक पान. शेठ पेन्सिल मुठीत धरतात, अर्ध्या पानात रडतात आणि सकाळी शाळेचं नाव काढलं की पोट दुखतं म्हणतात. “वहिनी, तुम्ही एवढं शिकताय, तर याची रोज तासभर शिकवणी घ्या ना. इमारतीतली आणखी दहा-पंधरा मुलं येतील. हाताला वळण लागेल.”

मी मनातल्या मनात पंधरा गुणिले पंधराशे केलं. साडेबावीस हजार. होम लोनचा हप्ता त्याच्या खाली येत होता. पण ही म्हणाली, “मुलं घेईन. लिहायला मात्र देणार नाही.”

मग तिने मनगट दाखवलं. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चा असतात आणि एकेक करत वर्षानुवर्षं घट्ट होत जातात. साडेतीन वर्षांच्या मुलाची त्यातली निम्म्याहून अधिक अजून हाड झालेलीच नसतात. बोटांचे बारीक स्नायूही तयार होत असतात. त्या हाताला माती, वाळू, कणकेचा गोळा, मोठी बटणं, पाणी ओतणं हेच हवं. पेन्सिल त्यानंतर आपली आपण येते. नव्या शैक्षणिक धोरणातही, म्हणजे २०२० च्या, तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळातून शिकण्याचा म्हणूनच धरला आहे.

शेजारीणबाईंना धोरण पटलं नाही. तेवढ्यात आई आतून म्हणाली, “कुरडई ओलीच तळायला घेतली तर फुलेल का ग?” शेजारीणबाई गप्प झाल्या. पियाजेला जे जमलं नाही ते कुरडईने केलं.

त्या रात्री ही मला म्हणाली, “अहो, हे शिकायला स्वित्झर्लंडला कशाला जायचं? आपल्याच गाडीने उलट्या दिशेने गेलं तरी चालतं.” खाडी ओलांडायची, विरार सोडायचं आणि डहाणूच्या पुढे घोलवडला उतरायचं. तिथल्या बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ साली बालवाडी सुरू केली आणि त्यांच्या सोबत अनुताई वाघ होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायका बालवाडी घेऊन वस्तीच्या अंगणात गेल्या. तीच अंगणवाडी. १९७५ साली सरकारने देशभर योजना काढली, तेव्हा तो शब्द उचलला. महागडी परदेशी साधनं परवडणारी नव्हती म्हणून शंख-शिंपले, दगड, बिया, पानं यांची साधनं झाली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बालविधवा झालेल्या अनुताई एवढ्या कामातून स्वतः पदवीधर झाल्या त्या १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. हे वाक्य हिने जरा सावकाश वाचलं. त्यापुढे आमचं बेचाळीस म्हणजे शिशुवर्गच.

तर सध्या आमच्या हॉलमध्ये दुपारी बालवाडी भरते. पंधरापैकी अकरा आयांनी “लिहायला नाही म्हणजे काय?” म्हणून पाठ फिरवली. चार मुलं आली. चार गुणिले पंधराशे किती, हे मी घरात मोठ्याने म्हणत नाही. एक मूल मराठी बोलतं, एक गुजराती, एक हिंदी आणि छोटे शेठ तिन्ही, समोरच्याकडे कोणता खाऊ आहे ते बघून. पोटदुखी थांबली आहे. आई रोज एका चाळणीत भिजवलेले वाल सोलायला घेऊन बसते आणि चारही मनगटं तिथे कामाला लागतात. या उपक्रमाला विद्यापीठात सूक्ष्म कारक कौशल्य म्हणतात, आईच्या भाषेत बिरड्याची तयारी.

लेमन सेटचे सहातले दोन ग्लास फुटले. उरलेले चार पुन्हा शोकेसमध्ये ठेवायचे का, असं मी विचारलं. ही म्हणाली, “राहू द्या बाहेर, मुलं बरोबर चारच आहेत.” मी गप्प बसलो. पण पाचवं मूल आलंच, तर ग्लास आणायला मी आनंदाने जाईन, हे आपलं तुम्हाला म्हणून सांगून ठेवतो.