मुरूम आणि डांबर

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. गेल्या पावसाळ्यात आष्टीला अक्काकडे आठ दिवस राहून आलो, तेव्हाची ही गोष्ट. भाच्याला विचारूनच लिहितोय, कारण यात तो निम्मा जिंकला आणि निम्मा मी.

भाच्याकडे २०१९ची थार आहे. शेत डोंगराच्या कडेला, वाट दगडगोट्यांची. शिवाय दर रविवारी मित्रांबरोबर ओढ्यानाल्यांत गाडी घालायची हौस! त्या थारची पुढची दोन चाकं वेगवेगळी हलतात. ती रचना काढून त्याला जुन्या जीपचा अखंड एक्सल बसवायचा होता. दगडधोंड्यांत तो दणकट, हे मलाही मान्य. पण मिस्त्रीने सांगितलं होतं, जुन्या एक्सलला एबीएसचे सेन्सर बसत नाहीत, तेव्हा तो डबाच काढू आणि सरळ पाईप जोडून देऊ.

"मामा, तुमच्या जीपला कुठं होतं एबीएस? तरी जगलाच ना तुम्ही!"

आता माझी नोकरी गेली पुण्यात कारखान्यात ब्रेकच्या पाईपा जोडण्यात. मी गप्प कसा बसणार?

एबीएसमध्ये प्रत्येक चाकापाशी एक दातेरी चकती असते आणि तिचे दात मोजणारा सेन्सर. ब्रेक मारल्यावर चाक जाम व्हायला लागलं की डबा त्या चाकाचा दाब क्षणभर सोडतो, पुन्हा धरतो. हे सेकंदाला कित्येक वेळा चालतं. पायाखाली पॅडल थरथरतं ते त्यामुळेच.

भाचा म्हणाला, "पण मुरमावर गाडी थांबतच नाही त्याच्यामुळं."

म्हटलं, चल, बघूच. शेताच्या वाटेवर चुन्याची रेघ मारली. चाळीसच्या वेगात ब्रेक. एबीएससकट गाडी एकोणीस पावलांवर थांबली. मग फ्यूज काढला, तर पंधरा पावलांत! जाम झालेलं चाक आपल्यापुढे मुरमाचा ढीग लोटतं आणि तोच ढीग गाडीला अडवतो. पोरगा खरं बोलत होता. मी मुकाट्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस पडून गेला होता. डांबरी रस्त्याचा एक मोकळा, सरळ पट्टा पाहिला, दोन्ही बाजूंना माणसं उभी केली. (हा प्रयोग वाहत्या रस्त्यावर कोणी करू नये.) पुन्हा चाळीसचा वेग, फ्यूज काढलेला. ब्रेक मारून त्याने स्टिअरिंग डावीकडे वळवलं. चाकं वळली, गाडी मात्र सरळच घसरत गेली. फ्यूज लावून तेच केलं तेव्हा गाडी थांबता थांबता निमूट वळली. भाचा खाली उतरला आणि बराच वेळ टायरकडे बघत राहिला.

आणखी एक सांगितलं. बऱ्याच गाड्यांत पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोलही तोच डबा सांभाळतो. नुसते सरळ पाईप जोडले तर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. कायद्याचं म्हणाल तर, कंपनीने बनवलेल्या गाडीत असे मूळ बदल चालत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्येच बजावलंय. उद्या काही झालं तर विमा कंपनीला आयतं कारण.

पण त्याला पटलं ते या कशाने नव्हे. अक्काला दर पंधरवड्याला नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं) दवाखान्यात न्यावं लागतं, ते याच थारमधून. परतताना अंधार पडतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या उभ्या असतात. तिथे नुसतं थांबून भागत नाही, चुकवावं लागतं. रविवारची गाडी आणि आईची गाडी एकच आहे, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही, त्या पहाटेपर्यंत.

असो. एक्सल राहिला. आता स्वारी रविवारच्या उद्योगासाठी वेगळी जुनी जीप शोधतेय. कोणाच्या पाहण्यात असेल तर कळवा. कागदपत्रं मात्र साफ हवीत!