हजार वर्षांचा खोडवा

एप्रिल-मे मध्ये पेजवर नोंदी पडल्या नाहीत, कारण मी लेकीकडं केंब्रिजला गेलो होतो. तिकडची शेती कशी काय, असं बऱ्याच जणांनी विचारलं. शेती लांबूनच बघितली. गहू, मोहरीसारखी पिवळी फुललेली रेप, आणि बिटाची नुकती उगवण. पण लिहायचंय ते एका रानाबद्दल. जंगल म्हणावं एवढं मोठं नाही, दीड-दोनशे एकर असेल. तिथून आल्यापासून माझ्या डोक्यात जे चाललंय ते लिहितो.

जावई म्हणाले, "आबा, तुम्हाला साखर कारखाना दाखवतो." तिकडं सफोक जिल्ह्यात बरी सेंट एडमंड्स नावाचं गाव आहे, तिथं बिटापासून साखर करायचा मोठा कारखाना आहे. रस्त्यावरून धुराडी, सायलो बघितले. आत कुणी सोडणार नव्हतंच. मग लेक म्हणाली, इथून जवळच एक जुनं रान आहे, जाऊया. नाव ब्रॅडफिल्ड वुड्स. सफोक वाइल्डलाइफ ट्रस्ट नावाची संस्था ते सांभाळते.

खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं माझा विरस झाला. रान म्हणलं की मोठाली झाडं डोळ्यापुढं येतात. इथं एका बाजूला सगळं तोडून भुईसपाट केलेलं. जमिनीलगत छाटलेले बुडखे, फांद्यांचे ढीग, अधनंमधनं एखादा ओक उभा. मी लेकीला म्हणलं, "अगं, हे तर तोडून नेलंय की." तिथं संस्थेचं काम करणारे एक म्हातारे गृहस्थ होते, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट. लेकीनं त्यांना माझं बोलणं इंग्रजीत सांगितलं. ते हसले आणि बोटानं पलीकडं दाखवलं. पलीकडच्या तुकड्यात तसल्याच बुडख्यांतून पुरुषभर उंच सरळ फुटवे आलेले. त्याच्या पलीकडच्या तुकड्यात वीसेक फुटांचे. म्हणजे एकाच रानाचे तुकडे पाडलेत आणि दर हिवाळ्यात एक तुकडा तोडतात. साधारण वीस-पंचवीस वर्षांनी त्याच तुकड्यावर परत पाळी येते.

मी म्हणलं, हा तर खोडवा!

त्याला तिकडं कॉपिस म्हणतात. हेझल, ॲश, अल्डर ही झाडं जमिनीलगत तोडली की बुडातून फुटतात. मुळं जुनी, फुटवा नवा. आपण ऊस तुटल्यावर बुडखे जमिनीबरोबर छाटून घेतो, म्हणजे फूट खालून जोमानं येते. हे लोकसुद्धा तसंच खाली छाटतात. फरक एवढाच की आपला खोडवा तिसऱ्या-चौथ्या वर्षी दम सोडतो आणि आपण नांगर घालतो. या रानाची अशी तोड १२५२ सालापासून चालू असल्याची नोंद आहे. तेव्हा ते बरीच्या मठातल्या साधूंच्या ताब्यात होतं. १२५२ म्हणजे आपल्याकडं देवगिरीवर यादव राज्य करत होते आणि ज्ञानोबा माउलींचा जन्मही व्हायचा होता. तेव्हापासून कोयता-कुऱ्हाड चालू आहे आणि रान जागच्या जागी आहे.

पुढं त्यांनी ॲशचं एक बेट दाखवलं. बेटच म्हणतो, कारण आपल्या बांबूच्या बेटासारखंच दिसत होतं. मधला भाग कुजून पोकळ झालेला आणि कडेनं गोल फुटवे उभे. आडवं मोजलं तर अठरा फुटांच्या घरात. हे सगळं एकाच झाडाचं बुड, तोडीगणिक बाहेर बाहेर सरकत गेलेलं. वय हजार वर्षांच्या आसपास असावं असं तिथले जाणकार मानतात. नुसतं वाढू दिलं तर ॲशचं झाड दोन-अडीचशे वर्षांत म्हातारं होऊन पडतं. तोडत राहिलं म्हणून हे जगलं. मी चप्पल काढून त्याच्या मुळाजवळ उभा राहिलो. थंडी होती, लेक ओरडली, पण राहवलं नाही.

आता आपल्या कामाचं. मी त्यांना विचारलं, हजार वर्षं लाकूड काढून नेताय आणि खत टाकत नाही, मग जमीन उतरत कशी नाही? ते म्हणाले, आम्ही हिवाळ्यात तोडतो, पानं झडून गेल्यावर. म्हणजे बघा, झाडाचा कस जास्त असतो पानात, लाकडात कमी. पान खाली पडून मातीत जातं आणि नुसतं लाकूड बाहेर जातं. शिवाय तोड वीस वर्षांतून एकदा. आपण पाचट पेटवू नका म्हणून सांगतो ते हेच की. पाऊस म्हणाल तर तिथं वर्षाला सहाशे मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या तालुक्यापेक्षा काही जास्त नाही. पण तो बारा महिने थोडा थोडा पडतो. जमीन मात्र आपल्या काळ्या रानासारखी चिकट. बुटाला दोन-दोन किलो चिखल घेऊन फिरलो.

दुसरी गोष्ट फुलांची. जिथं गेल्या एक-दोन हिवाळ्यात तोड झाली होती तिथं जमीन दिसत नव्हती एवढी फुलं. पांढरी अ‍ॅनिमोन, फिकट पिवळी ऑक्सलिप. ही ऑक्सलिप इंग्लंडमध्ये या भागातल्या जुन्या रानातच सापडते म्हणे, नव्या लावलेल्या झाडीत लवकर येत नाही. दाट तुकड्यात ती सावलीला दबा धरून बसते, तोड झाली की ऊन लागतं आणि उसळून वर येते. सगळीकडं वेगवेगळ्या वयाचे तुकडे असल्यानं कुठल्या तरी पाखराला, किड्याला हवी तशी जागा कायम मिळते.

जनावरांचा त्रास त्यांनाही चुकलेला नाही. आपल्याकडं रानडुक्कर, तिकडं हरीण. कोवळा फुटवा रातोरात खाऊन टाकतं, म्हणून ताज्या तोडीभोवती कुंपण. जुन्या काळी रानाच्या हद्दीला बाहेरून चर आणि आतून मातीचा ताल घालायचे, गुरं आत शिरू नयेत म्हणून. तो ताल अजून आहे, त्यावरून चाललो.

लाकडाचं काय करता, हा माझा पुढचा प्रश्न. बारीक हेझल वाटाण्याला-घेवड्याला आधार म्हणून, गवती छपराच्या काट्या म्हणून. ॲश दांड्यांना, आपल्याकडं बाभूळ नाहीतर धामण वापरतो तसा. जवळच्या एका गावात दाताळी आणि अवजारांचे दांडे बनवायचा छोटा कारखाना होता, तो इथलंच लाकूड घ्यायचा. हे ऐकल्यावर मला रान टिकल्याचं कारण पटलं. गिऱ्हाईक होतं म्हणून तोड चालू राहिली.

पण सगळंच राहिलं नाही. १९६० नंतरच्या दशकात यातल्या मंक्स पार्क नावाच्या भागाचा मोठा हिस्सा बुडखे उपटून शेताखाली आणला गेला. त्या हद्दीवर आम्ही गेलो. अलीकडं फुलं, पलीकडं गहू. गहू चांगला होता, खोटं कशाला बोलू. १९७० च्या सुमारास उरलेलं रान राखून ठेवलं. केंब्रिजचे ऑलिव्हर रॅकहॅम म्हणून मोठे अभ्यासक होते, २०१५ साली वारले, त्यांनी या रानाचा बारकाईनं अभ्यास केलेला. त्यांच्या अभ्यासातून हेच पुढं आलं की कुऱ्हाडीनं असलं रान संपत नाही, मुळासकट उपटून नांगरलं की संपतं.

त्या हद्दीवर उभा असताना माझं मन थाऱ्यावर नव्हतं. कारण इकडं गावी आमच्या ओढ्याकाठी पाऊण एकराची पड आहे. करंज, बाभूळ, बोराटी, शिंदी, दोन जुने उंबर. वडील त्याला ‘राखण’ म्हणायचे. उन्हाळ्यात फांद्या तोडून सरपण काढायचे, बुडाला कधी हात लावला नाही. निघण्याआधी मी आणि धाकट्या भावानं ठरवलं होतं, मे महिन्यात जेसीबी लावून साफ करायचं आणि जुलैत आडसाली लागण धरायची. जेसीबीवाल्याला शब्द देऊन मी विमानात बसलो होतो.

तिथूनच भावाला फोन लावला. इकडं संध्याकाळ झालेली. म्हणलं, "बापू, जेसीबी थांबव." तो आधी काही बोललाच नाही. मग म्हणाला, "दादा, तिकडं फिरायला गेलास आणि इथला तीस टन ऊस सोडायला सांगतोयस. पोरीची फी तू भरणार का?" त्याचं काही चुकीचं नाही. पोरगी नर्सिंगला आहे, त्याच्यावर सोसायटीचं कर्ज आहे. मी म्हणलं, आल्यावर बोलू, पण बुडखे उपटू नको. फोन ठेवला तर ते म्हातारे गृहस्थ लेकीला विचारत होते, घरी काही वाईट बातमी आहे का.

जाताना त्यांनी एक ॲश दाखवला, शेंडा वाळलेला. बुरशीचा रोग आहे, ब्रिटनमध्ये २०१२ साली पहिल्यांदा सापडला, आता देशभर पसरलाय. मी सवयीनं विचारलं, फवारणी कसली करता? ते म्हणाले, रानाला फवारणी नाही, जी झाडं रोग सोसतील त्यांच्यावर भरवसा. हजार वर्षांच्या त्या बेटाचं काय होईल, हे मी विचारलं नाही.

यंदा जेसीबी आला नाही. भाऊ आठ दिवस नीट बोलला नव्हता, आता बोलतो. ठरलं असं की पडीचे सहा तुकडे पाडायचे, दरवर्षी एक तोडायचा. सरपण आणि दांड्याचं लाकूड विकून जे येईल ते पोरीच्या फीला. किती येईल? उसाइतकं नाही, हे दोघांनाही माहीत आहे. दोन वर्षं बघू असं तो म्हणालाय, पुढचं त्यानं बोललेलं नाही.

मेच्या शेवटी घरी पोचल्या पोचल्या पहिल्या तुकड्यातले चार करंज जमिनीपासून वीतभर ठेवून तिरपे छाटले, पाणी साठू नये म्हणून. काल बघितलं तर एकेका बुडाला बारा-पंधरा फुटवे, वीत-दीड वीत. एक मात्र अजून फुटलेला नाही. करंज उन्हाळ्यात तोडायला नको होता का? कुणी करंजाची किंवा बाभळीची अशी तोड घेतली असेल तर महिना आणि किती उंचीवर छाटला ते लिहा. दुसरा तुकडा तोडायच्या आधी मला ते कळायला हवं.