एल्मरची बंदूक

वडिलांचा धंदा बुडाला की चक जोन्स आणि त्याच्या भावंडांची चंगळ व्हायची. नवा धंदा काढताना वडील कंपनीचं नाव छापलेल्या कागदांचे गठ्ठे आणि पेन्सिली मागवत. धंदा बसला की सगळा माल मुलांच्या हवाली. अट एकच, चित्र कागदाच्या एकाच बाजूवर काढायचं, म्हणजे कागद भराभर संपतील. १९१२ साली अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात जन्मलेला आणि कॅलिफोर्नियात वाढलेला हा मुलगा पुढे वॉर्नर ब्रदर्ससाठी कार्टून दिग्दर्शित करू लागला. तिथे एक टकलू शिकारी आणि एक करडा ससा त्याच्या मागे लागले, ते कायमचेच.

पहिली गाठ पडली मार्च १९४० मध्ये. ‘एल्मर्स कँडिड कॅमेरा’त एल्मर फड रानात येतो तो बंदूक नव्हे, कॅमेरा घेऊन. बिचाऱ्याला प्राण्यांचे फोटो काढायचे असतात. ससा त्याला पार भंडावून सोडतो, बुडताना वाचवतो, ‘बरा आहेस ना?’ अशी चौकशी करतो आणि लाथ घालून परत पाण्यात ढकलतो. या लघुपटावर पुढे जोन्सनेच सडकून टीका केली, आणि ती रास्तच होती. वेग रटाळ, आणि ससा नुसता मवाली.

जुलैत सहकारी टेक्स एव्हरीने ‘अ वाइल्ड हेअर’ काढला आणि एल्मरच्या हातात बंदूक दिली. तेवढ्याने पारडं फिरलं. दारात मरण उभं असताना गाजर चावत शिकाऱ्याचीच विचारपूस करणारा ससा मवाली वाटत नाही, धीट वाटतो. एका प्रसंगात तो मागून एल्मरचे डोळे झाकतो आणि ‘ओळख कोण’ म्हणतो. एल्मर एकेका नटीचं नाव घेत सुटतो, त्यात कॅरोल लोम्बार्डचंही. १९४२ मध्ये ती विमान अपघातात गेली, तेव्हा पुढच्या प्रदर्शनासाठी तिच्या जागी बार्बरा स्टॅनविकचं नाव घालण्यात आलं.

जोन्सने पुढे स्वतःपुरता नियमच केला. ससा आपण होऊन कुणाच्या वाटेला जाणार नाही, आधी कुणीतरी त्याची खोडी काढली पाहिजे.

१९५१ च्या ‘रॅबिट फायर’मध्ये लेखक मायकेल माल्टीजला हाताशी धरून त्याने डॅफी बदकाला मधे घातलं. इथे पळापळीपेक्षा वादावादीच जास्त. हंगाम सशाच्या शिकारीचा की बदकाचा? ससा मधेच पलटी मारतो, डॅफी हट्टाने उलट बोलतो आणि स्वतःच्याच तोंडाने गोळी ओढवून घेतो. दर बाराला चोच नव्या जागी सरकलेली. दोघांचेही आवाज एकट्या मेल ब्लँकचे, म्हणजे भांडण खरं तर एकाच गळ्यात चाललेलं! शेवटी झाडावरच्या पाट्या फाडता फाडता जी खाली निघते तिच्यावर हंगाम एल्मरचा असतो.

आणि मग १९५७ चा ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’. वाग्नरच्या ऑपेरांचा भव्य थाट जेमतेम सात मिनिटांत. एल्मर भाला आणि शिरस्त्राण घेऊन गातो. ससा सोनेरी वेण्या लावून लठ्ठ घोड्यावरून उतरतो. मॉरिस नोबलने आखलेली अवाढव्य रंगीत दृश्यं पाहताना हसायचंही भान राहत नाही. सोंग उघडं पडल्यावर संतापलेला एल्मर वादळं, भूकंप आणि सगळ्यात शेवटी स्मॉग बोलावतो. लॉस एंजेलिसमध्ये बसून कार्टून करणाऱ्यांनीच करावा असा विनोद! वीज कोसळते. शिकारी एकदाचा जिंकतो आणि ढसाढसा रडतो. सशाला हातांवर घेऊन तो निघतो, तेव्हा मेलेला ससा मान वर करून प्रेक्षकांना विचारतो, ऑपेरात सुखान्त हवा होता की काय?

पहिल्या कार्टूनमधला कॅमेरावाला एल्मर नुसता मार खाणारा होता. इथे सहानुभूती पहिल्यांदाच शिकाऱ्याच्या बाजूने झुकते, तीही त्याचा नेम लागल्यावर.

ऑपेराच्या एवढ्या कामाला ठरलेला वेळ पुरणार नव्हता. जोन्सच्या सांगण्यानुसार त्याच्या चमूने जादा आठवडे चक्क रोड रनरच्या कार्टूनवर खर्च झाल्याचं दाखवलं. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ दाखल झाला. ते आठवडे रोड रनरच्या खात्यावर पडले ते पडलेच.