शिसवीचं लाटणं

१९७२ साली मुंबईत लाटणं रस्त्यावर आलं. दुष्काळाचं वर्ष होतं, महागाईनं घराघरांतलं गणित मोडलं होतं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया एकत्र आल्या, आणि त्यांच्यामागे मुंबईतल्या गृहिणी लाटणी उंचावत, थाळ्या वाजवत मोर्चाला निघाल्या. माझी आईही गेली. आमचं लाटणं शिसवीचं, चांगलं वजनदार. आजीनं ते गावाहून येताना आणलं होतं. ते आईच्या हातात घराबाहेर जाताना मी पहिल्यांदाच पाहत होते. संध्याकाळी ती घोषणा देऊन घसा बसलेल्या अवस्थेत परतली, लाटणं नळाखाली धुतलं, पदर खोचला आणि चपात्या लाटायला बसली. बाबा गिरणीतली पहिली पाळी करून केव्हाचे घरी आले होते. तेही भुकेले होते, आईही भुकेली होती.

आम्ही परळला राहायचो. साताऱ्या-रत्नागिरीहून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीवाटीनं राहत आणि शेजारपाजारच्या बायांकडे जेवत. आमच्या मजल्यावरच्या एक काकू अशी खानावळ चालवायच्या. पहाटे चारला त्यांच्याकडून लाटण्याचा आवाज सुरू व्हायचा. हिशेब मात्र वाण्याकडे आणि सावकाराकडे असायचा. गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अशा खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांच्यासाठी बँकेचे दरवाजे उघडून घेतले. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. बाई लाटते त्याला बाजारात दाम आहे, हे तिनं स्वतः पाहिलं की घरातही तिचा आवाज बदलतो.

आमच्या घरात तो बदल संपानं आणला. १८ जानेवारी १९८२ला गिरण्या थांबल्या. कामगारनेते दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत साचेखात्यात माग चालवणारे माझे बाबा होते. पगार थांबला. आईनं ऑफिसांत जाणाऱ्या डब्यांसाठी चपात्या करून द्यायला सुरुवात केली. रोजची मोठी परातभर कणीक. काही आठवड्यांत तिचं मनगट सुजलं. एका सकाळी बाबा उठले, तिच्या हातून परात ओढून घेतली आणि कणीक तिंबायला लागले. आयुष्यभर साचे चालवलेले हात ते, कणीक कशी मऊसूत व्हायची! पण त्याआधी त्यांनी दार लावून घेतलं. चाळीत दिवसउजेडी दार लावायची पद्धत नव्हती. आमचं मात्र तेवढा अर्धा तास बंद असायचं. चार माणसांत संपाची पावती फाडायला, उसनवारी मागायला त्यांना लाज वाटली नाही. कणकेचे हात कुणी पाहील याची वाटली. त्यांच्यावर माझा राग नाही. दार लावून का होईना, त्यांनी केलं. ते दार बाहेरून कोण कोण ढकलत होतं, हे मला पुढे कळत गेलं.

लग्नानंतर आईनं ते लाटणं मला दिलं. मी टपाल खात्यात, नवरा बँकेत. पहिल्याच महिन्यात आम्ही ठरवलं: सकाळच्या चपात्या माझ्या, रात्रीच्या त्याच्या. पीठ संपत आलंय हे लक्षात ठेवणं, गिरणीतून दळण आणणं, शेवटी ओटा पुसणं, हे सगळं ज्याची पाळी त्याच्याकडे. ‘काय करायचं ते सांग, मी करतो’ हे आमच्याकडे चाललं नाही, कारण सांगत बसणं हेही कामच आहे, आणि ते सहसा बाईच्याच डोक्यात दिवसभर चालू असतं. माझ्याकडूनही एक पथ्य होतं. त्याच्या पाळीला मी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. चपाती वाकडी झाली, करपली, तरी मुकाट्यानं खायची. सासूबाईंना हे बघवेना. ‘पोरगा दमून येतो गं,’ त्या म्हणाल्या. उत्तर नवऱ्यानं दिलं: ‘आई, ती माझ्या आधीच्या गाडीनं जाते आणि माझ्या नंतरच्या गाडीनं येते.’ हे त्यानं बोलणं फार गरजेचं होतं. मी बोलले असते तर भांडण झालं असतं.

पाहुणे मला नशीबवान म्हणायचे. सकाळच्या चपात्यांसाठी माझ्या नवऱ्याला कुणी कधी नशीबवान म्हटलं नाही.

हे एका घरापुरतं नाही. केंद्र सरकारनं २०१९ साली लोकांच्या दिवसाचा हिशेब मांडला, तेव्हा घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती. पुरुषांपैकी घरकामाला हात लावणारेच मुळात शंभरात सव्वीस, आणि त्यांची मिनिटं ९७. जवळपास पाच तास आणि जेमतेम दीड तास. पुरुषाला या फरकाच्या वेळात झोप मिळते, वाचन होतं, बढतीची परीक्षा देता येते. हा आकडा कायद्यानं हलणार नाही, तो संध्याकाळी सात वाजता स्वयंपाकघरात हलेल. त्याच वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडत असल्याचं चित्र आलं. मला त्याचा मनापासून आनंद झाला. चित्रातल्या त्या घराचं दार उघडं होतं असं मी धरून चालते.

आता लाटणं ठाण्याला मुलाकडे आहे. तो आणि सून दोघंही रात्री उशिरा येतात, म्हणून चपात्या लाटायला एक मावशी येतात. इथे मला स्वस्थ बसवत नाही. नवरा-बायकोची बरोबरी तिसऱ्या बाईच्या मनगटावर उभी राहिली, तर लाटणं फक्त एका बाईकडून दुसरीकडे गेलं. राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, तरी मावशींना सुट्टी मिळणार की नाही हे अजून आपल्या ओट्यापाशीच ठरतं. म्हणून मी मुलाला स्पष्ट सांगितलं: आठवड्याची सुट्टी, पगार न कापता. त्या दिवशी तो लाटतो.

मावशींनी हे परवा स्वतः पाहिलं. विसरलेली छत्री न्यायला आल्या होत्या.

‘आमच्या पोराला आता दळण आणायला लावलंय मी,’ त्या मला म्हणाल्या. ‘पण लाटायचं म्हटलं की ऐकत नाही.’

‘ऐकेल म्हणून थांबू नका,’ मी म्हटलं. ‘एक दिवस तुमच्या आणि लेकीच्या तेवढ्या लाटा. त्याच्या वाटणीची कणीक मळून झाकून ठेवा.’

‘आणि त्याच्या बापाचं?’

‘त्यांचीही कणीक तिथेच ठेवा.’