घड्याळ खरं हवं

मंडळी, चैत्र जवळ आला की मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या चाळींमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "यंदा गाडे आहेत ना?" गाडे म्हणजे बैलगाडे. जुन्नर, आंबेगाव, खेडकडची हजारो माणसं पोटापाण्यासाठी उपनगरात आली, पण यात्रेला गावी जायची सवय काही सुटली नाही. साताऱ्या-सांगलीकडच्या मंडळींचं तेच. ग्रामस्थ मंडळाची वर्गणी इथे गोळा होते, बक्षिसं इथून जाहीर होतात आणि बॅनरवरचे अर्धे फोटोही इथल्याच लोकांचे असतात. म्हणून हा विषय गावाकडचा वाटला तरी आपला आहे. पैसा आपला आहे, तर जबाबदारीही आपलीच.

आज लिहायचंय ते शर्यतीतल्या खरेपणाबद्दल. बैलगाडा चांगला की वाईट, हा वाद गेली दहा-बारा वर्षं चालू आहे. खरी बारी आणि खोटी बारी याबद्दल मात्र कुणी उघड बोलत नाही. घाटावर कुजबूज होते, गाडीत बसल्यावर शिव्या होतात, आणि पुढच्या वर्षी परत तेच.

आधी थोडा इतिहास, कारण तरुण पोरांना तो रीलपुरताच माहीत असतो. २०११ मध्ये केंद्राने बैलाचा समावेश ज्यांचे खेळ करता येत नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत केला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी उच्च न्यायालयात गाडी अडली. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. घाटाघाटात भंडारा उधळला गेला. तो आनंद खोटा नव्हता.

पण त्या निकालात काय आहे ते नीट बघा. 'बैल पळवा, काहीही करा' असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. नव्या कायद्यामुळे आणि नियमांमुळे जनावराचा त्रास कमी होतो, म्हणून परवानगी, आणि ते नियम काटेकोर पाळले गेले पाहिजेत, असं म्हटलंय. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलाची पशुवैद्यकीय तपासणी, अंतर एक हजार मीटरच्या आत. काठी, चाबूक, शॉकची बॅटरी बंद. नशा देणं बंद. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. थोडक्यात, सगळी परवानगी एका शब्दावर उभी आहे, आणि तो शब्द आपण दिलाय.

आता घाटावर या. पुणे जिल्ह्यातल्या घाटात चार बैलांचा गाडा, पुढे घोडी, आणि सगळा खेळ अकरा-बारा सेकंदांचा. सेकंदाच्या शंभराव्या भागावर नंबर ठरतो, घाटाचा राजा ठरतो. साताऱ्या-सांगलीच्या मैदानात दोन बैलांचा छकडा, गट, सेमी, फायनल, झेंडा पडला की निकाल. दोन्हीकडे प्रेक्षकाला सगळं दिसतंय असं वाटतं. पण निकाल ज्याच्यावर ठरतो ते मोजक्या माणसांच्याच हातात असतं. घड्याळ कुणी सुरू केलं, झेंडा कधी पडला, जुपताना खाली काय झालं, बैल कुठल्या वयाचा म्हणून नोंदवला. इथेच खरेपणा लागतो आणि इथेच तो हरवतो.

वयाचंच घ्या. आदत म्हणजे ज्याचे दुधाचे दात अजून पडले नाहीत असा खोंड. दोन कायमचे दात आले की तो दुसा, चार आले की चौसा. आदतच्या मैदानात दुसा घुसवला तर अंगाने तो भारीच पडणार. तोंड उघडून दात बघायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. पण मालक वजनदार असेल, त्याच्या मागे पन्नास पोरं झेंडे घेऊन उभी असतील, तर ते तोंड उघडायला पंच धजत नाही. हे मी ऐकीव लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी एका मैदानावर मी पंचांच्या टेबलाशेजारी उभा होतो. दात बघा म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला "बाबा, वातावरण बिघडवू नका" असं माइकवरून ऐकवलं गेलं. वातावरण दात लपवणाऱ्याने बिघडवलं होतं. गप्प बसायला सांगितलं गेलं बघणाऱ्याला.

यावर कुणी म्हणेल, खेळ आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? सांगतो. पूर्वी बक्षीस म्हणजे मानाचा फेटा, ढाल, फार तर भांडी. २०२२ मध्ये चिखलीच्या शर्यतीत पहिलं बक्षीस जेसीबी होतं. आता ट्रॅक्टर, बुलेट, थार यांचं नवल राहिलेलं नाही. आणि बक्षिसापेक्षा मोठा बाजार पुढे आहे. जिंकलेल्या बैलाची किंमत रातोरात काही लाखांनी वाढते. म्हणजे घड्याळात मारलेली खोटी थाप मैदानात संपत नाही, ती सौद्यात जाते. आमच्या भांडुपातल्या तीन रिक्षावाल्या पोरांनी भागीत एक खोंड घेतला. फायनलचा व्हिडिओ बघून घेतला, एकाने बायकोचे दागिने ठेवले. खोंड गावी भावाकडे बांधला. पुढच्या हंगामात तो एकाही मैदानात गटाबाहेर पडला नाही. मग कळलं की ज्या फायनलचा व्हिडिओ होता, तिथे बाकीच्या दोन छकड्यांची आधीच 'बोलणी' झाली होती. विकणारा म्हणतो, व्हिडिओ खरा आहे. व्हिडिओ खराच आहे हो, शर्यत खोटी होती. दागिने अजून सुटलेले नाहीत.

आणि सगळ्यात मोठं नुकसान त्याचं, ज्याला तक्रार करता येत नाही. बैलाला बक्षीस कळत नाही. त्याला कळतो जुपताना मांडीत टोचलेला खिळा आणि पिरगाळलेली शेपूट. २०१४ च्या खटल्यात असल्याच गोष्टी न्यायालयापुढे मांडल्या गेल्या होत्या आणि त्यावरच बंदी आली होती. तेव्हा आपण म्हणालो, "आमचा बैल आम्हाला पोटच्या पोरासारखा, आम्ही असं करत नाही." बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच आहे. मी बघितलेत असे मालक, स्वतः चटणी-भाकरी खातील पण खोंडाच्या खुराकात कमी करणार नाहीत. पण दहा चांगल्या गाड्यांमागे एक खिळेवाला असेल आणि दहाही जण त्याला झाकत असतील, तर उद्या कोर्टात उत्तर दहा जणांनाच द्यावं लागेल.

अमेरिकेत एक खेळ आहे. रॅकून नावाचा मांजराहून थोडा मोठा निशाचर प्राणी झाडावर चढतो, आणि त्याचा माग काढणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या रात्रीच्या स्पर्धा होतात. तीन-चार मालक आपापलं कुत्रं घेऊन अंधाऱ्या जंगलात जातात. प्रेक्षक नाहीत, कॅमेरे नाहीत. कुत्रं लांबवर भुंकलं की "हे माझं" असं मालकाने स्वतः पुकारायचं. पहिल्याला १०० गुण, दुसऱ्याला ७५, मग ५०, २५. झाडावर रॅकून दिसला तर गुण जमा, झाड रिकामं निघालं तर तेवढेच वजा. बऱ्याचदा पंचही त्या चौघांतलाच एक असतो. म्हणजे आपल्या कुत्र्याचा आवाज ओळखून खरं बोलायचं, एवढ्यावर सगळा खेळ. तिथेही लबाडी होते, भांडणं होतात, माणसं सगळीकडे सारखीच. पण रिकाम्या झाडाला वजा गुण, ही कल्पना मला फार पटली. खोट्या पुकाऱ्याची किंमत पुकारणाऱ्यालाच मोजावी लागते. आपल्याकडे खोटं पकडलं गेलं तर फार तर गाडा बाद. पुढच्या रविवारी तोच मालक दुसऱ्या घाटात, फेटा बांधून, पाहुणा म्हणून.

आणि आपल्याकडे खरेपणा नाही असंही नाही. खेड तालुक्यातल्या एका घाटात एका गाडामालकाची बारी फार कमी वेळात नोंदली गेली. पोरं नाचायला लागली. मालक वर आला, माइक मागितला आणि म्हणाला, "गाडा चांगला पळाला, पण एवढा नाही पळाला. घड्याळ उशिरा चालू झालंय. आमची वेळ धरू नका." त्याच्या घरच्याच पोरांनी तोंड फिरवलं. त्या दिवशी त्याला काही मिळालं नाही. पण ती गोष्ट आज मुलुंडच्या चहाच्या टपरीवरही लोक सांगतात, आणि त्या दिवशीचा पहिला नंबर कुणाचा होता ते कुणालाच आठवत नाही.

तर उपनगरातल्या सगळ्या ग्रामस्थ मंडळांना माझी विनंती आहे. आपण वर्गणी देतो तेव्हा भोजन किती जणांचं, स्टेज केवढं, पाहुणा कोण, हे सगळं विचारतो. यंदा चार गोष्टी अजून विचारा. वेळ सेन्सरच्या घड्याळावर घेणार का, आणि ती सगळ्यांना दिसेल अशा पडद्यावर लावणार का? दात तपासायला गावाबाहेरचा पशुवैद्य बसणार का? युट्यूबवर लाइव्ह असतंच, मग एक कॅमेरा जुपण्याच्या जागेवर ठेवणार का? आणि लबाडी सापडली तर त्या मालकाला किती वर्षं बंदी, हे पत्रिकेवर आधीच छापणार का? उत्तर 'हो' असेल तर दुप्पट वर्गणी द्या. टाळाटाळ झाली तर देवळाच्या कामाला द्या, पण शर्यतीला देऊ नका.

साडेसात वर्षं घाट बंद होते. कोर्टात वकील लढले, रस्त्यावर शेतकरी लढले, तेव्हा ते उघडले. आता परत बंद पडले, तर ते आपल्याच खिशातल्या खिळ्यामुळे बंद पडतील. प्राणीमित्रांच्या नावाने मग बोटं मोडू नका.

पटलं तर आपल्या मंडळाच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली येऊन भांडा, पण खरं बोलून भांडा.