विरजणाचं देणं

१९९४च्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला. गाव दारव्ह्याजवळ, कॉलेजसाठी यवतमाळात खोली करून राहत होतो. अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी ताप उतरला, जीव वाचला. पोट मात्र बिघडलं ते बिघडलंच. दोन घास गेले की पळावं लागे.

घरमालकाच्या म्हाताऱ्या आईला आम्ही भाडेकरू पोरं माय म्हणायचो. तिनं माझा खानावळीचा डबाच बंद केला. रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवायची, सकाळी ते आंबलेलं पातळ शिजवून जिरं-मीठ घालायची. आंबील शिजली की परातीत ओतून निववायची. मी भुकेनं घाई करी.

"थांब बापू, गरमात ताक टाकलं का फाटते."

बोट बुडवून पाहिल्यावरच ती वरून ताज्या ताकाची वाटी ओतायची.

आठवड्यानं शिळी भाकर आली, ताकात कुस्करलेली. शिळं खाताना कोणी पाहील म्हणून मी दार लोटून घेतलं. "शिळी नोको म्हनू, मुरेल म्हन," एवढंच ती बोलली.

पुढे मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलो. दह्याताकातले जिवाणू उकळत्या आंबिलीत मरतात, निवलेलीत जगतात. शिजलेलं पीठ गार झालं की त्यातल्या स्टार्चचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जातो, तिथले जिवाणू त्यावर जगतात आणि ब्युटिरेट तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन तेच. औषधानं टायफॉइडच्या जंतूंबरोबर ही आतली वस्तीही उजाड केली होती. माय तिला रोज दाणापाणी घालत होती. मी बरा झालो त्यात ताकाचं किती, भाकरीचं किती, दिवसांचं किती, हे वेगळं काढता येत नाही. काढावंसंही वाटत नाही. २०१६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला हे जिवाणू भरपूर असल्याचं मांडलं. धान्य-डाळी-भाजीपाल्याच्या चोथ्यावर वाढणारे हे जिवाणू. तो निबंध वाचताना परातीत बुडवलेलं तिचं बोटच डोळ्यांपुढे होतं.

दिवाळीला घरी निघालो तेव्हा मी पैसे पुढे केले. तिनं माझा हात बाजूला सारला आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात चमचाभर दही दिलं. "घरी विरजन लाव." शकुंतला रेल्वेत यवतमाळ ते दारव्हा तो डबा मांडीवर धरून बसलो. गाडी इतकी हळू, की हिंदकळण्याचं भय नव्हतं.

आमच्या घरात वर्षानुवर्षं त्याच दह्याचं विरजण चाललं. एका उन्हाळ्यात सगळे लग्नाला गेलो आणि ते नासलं. तोवर माय राहिली नव्हती. मी यवतमाळला गेलो, त्याच दारात उभा राहिलो. तिच्या सुनेनं काही विचारलं नाही. आत गेली आणि वाटी घेऊन आली.