हरण्या आणि ओसरी

दख्खनच्या पठारावर, माणदेशापासून विजापूर-मुधोळपर्यंतच्या कोरड्या मुलखात, धनगरांच्या आणि शेतकऱ्यांच्या वस्त्यांवर जी शिकारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली जातात त्यांना आपल्याकडे कारवानी म्हणतात. मुधोळचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या वंशाची कसोशीने जोपासना करून त्याची एक जोडी पाचव्या जॉर्ज बादशहाला नजर केली, तेव्हापासून मुधोळचे कुत्रे म्हणूनही त्याची ख्याती झाली. अरुंद लांबट मुख, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि लांब, सडसडीत पाय असा हा केवळ वेगासाठी घडलेला देह. परंतु त्या देहात नांदणारा स्वभाव विलक्षण संकोची असतो. घरच्या माणसांवर जीव ओवाळून टाकणारे हे जनावर परक्याचा हात अंगाला लागलेला सहसा सहन करीत नाही. आमचा हरण्या या वंशाचा होता, आणि दैवयोग असा की तो एका मामलेदाराच्या घरी येऊन दाखल झाला.

वडील त्या काळी सांगोल्यास होते. कचेरी आणि राहते घर यांमध्ये एका चौकाचेच अंतर असल्यामुळे, जमाबंदीच्या दिवसांत अव्वल कारकून, तलाठी, पाटील, कुळकर्णी, अर्ज घेऊन आलेले खातेदार आणि दप्तराची गाठोडी वाहणारे पट्टेवाले यांची वर्दळ सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत आमच्या ओसरीवर अखंड चालू असे. आणि हरण्याने तर आमच्याकडे येईपर्यंत एका एकाकी वस्तीवरची मोजकी माणसे व मेंढरांचा कळप यापलीकडे जग पाहिलेच नव्हते. पागोटे बांधलेला कोणी इसम पायरी चढू लागला की हा धान्याच्या कणग्यांमागे जाऊन थरथरत उभा राही, आणि कोणी कौतुकाने तिथवर गेलेच तर त्याच्या घशातून खोल गुरगुर उमटे.

अशा प्रसंगी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. 'ओसरीच्या खांबाला बांधून ठेवा, चार दिवसांत आपोआप सवय होईल', असे कचेरीतील बहुतेकांचे मत पडले. हे मत आजही सार्वत्रिक आहे, आणि ते मला क्रूर वाटते. ज्याला पळून जायला वाट नाही त्याचे भय कमी होत नाही. ते आत दडपले जाते आणि एके दिवशी दातांवाटे बाहेर येते. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारणारे लोक तर आपल्याच हाताने इशाऱ्याची घंटा काढून टाकतात. त्या काळी कुत्रा चावलेल्या माणसाला पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या इशाऱ्याचे मोल कळून येईल.

पुढे कित्येक वर्षांनी, अमेरिकेत बार हार्बर येथील प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ केलेल्या संशोधनाचा १९६५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ माझ्या वाचनात आला, तेव्हा हरण्याच्या वर्तनाचे मूळ मला उमगले. पिलाच्या आयुष्यातील साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा स्नेहसंबंध जुळण्याचा काळ होय. या अवधीत जी माणसे, जे प्राणी, जे आवाज त्याच्या परिचयाचे होतात ते त्याला जन्मभर आपले वाटतात, आणि हा काळ उलटल्यावर प्रत्येक नव्या गोष्टीकडे ते प्रथम संशयानेच पाहते. हरण्याचा तो काळ माळावर सरून गेला होता. पण म्हणून पुढची वाट बंद होते असे नाही. ती लांब होते, एवढेच.

ती वाट दाखवली एका वृद्ध धनगराने. लोकरीचे घोंगडे पोचवायला तो आला असता आजीने त्याच्यापाशी गाऱ्हाणे केले. म्हाताऱ्याने कणग्यांकडे एकवार तिरका कटाक्ष टाकला आणि पाठ फिरवून बसत तो म्हणाला, "आईसाब, त्येला कुनी बोलवायचं न्हाई. त्यो यील तवा यील. आलेल्या मानसालाच सांगायचं, गप बस म्हनून."

आजीने हे वचन शिरसावंद्य मानले आणि त्या दिवसापासून ओसरीचा सारा बंदोबस्त बदलला. हरण्या जिथे लपे त्या कणग्यांच्या खोलीचे दार सदैव उघडे राहू लागले, आणि त्या खोलीत घरच्या माणसांखेरीज कोणी पाऊल टाकू नये असा तिने हुकूम सोडला. पाहुणा कितीही मानाचा असो, "अहो पाटील, त्याच्याकडं पाहू नका, तुमचं बोलणं चालू द्या," असे ती स्पष्ट सांगे. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, त्याच्या डोक्यावरून हात न्यायचा नाही, अंगावर वाकायचे नाही. कूस त्याच्याकडे करून बसायचे आणि तुपाचे बोट लावलेला भाकरीचा तुकडा आपल्यापासून बराच दूर, खोलीच्या बाजूला, जमिनीवर टाकून द्यायचा. हातून खाऊ घालण्याची घाई तिला मुळीच मान्य नव्हती, कारण भुकेपोटी जवळ आलेले जनावर तुकडा संपताच आपण कुठे येऊन ठेपलो हे पाहून दचकते, आणि नेमके तेव्हाच चावते.

ती त्याची देहबोली ज्या बारकाईने वाचीत असे ती आठवली की मला आजही तिच्याविषयी आदर वाटतो. झोप नसता आलेली जांभई, कोरड्या ओठांवरून फिरलेली जीभ, बाजूला वळवलेले तोंड, डोळ्याच्या कडेला दिसू लागलेला पांढरा भाग यांपैकी एकही खूण दिसली की ती पाहुण्याला चार हात मागे सरकायला लावी. शेपटी हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे, असे समजणाऱ्यांना ती ताठ उंच शेपटीचे आखूड हेलकावे आणि सैल शेपटीचे मोठे झोके यांतील भेद दाखवून देई. कित्येक आठवडे गेले आणि एके सकाळी अव्वल कारकून वडिलांना कसलासा दाखला वाचून दाखवीत असताना हरण्या आपल्या पायांनी चालत आला, त्यांच्या धोतराचा सोगा हुंगला आणि परत गेला. त्या भल्या गृहस्थांनी वाचन थांबवले नाही, मान वळवली नाही.

पावसाळ्यात मात्र साधलेले बरेचसे विसकटले. रोजच्या ओळखीचा पट्टेवाला डोक्यावरून घोंगड्याची खोळ घेऊन आला की हरण्याच्या दृष्टीने तो दुसराच कोणी प्राणी होई. उघडलेल्या छत्रीचेही तसेच. मग आजीने एक छत्री मिटलेली, पुढे अर्धवट उघडलेली, अखेर पूर्ण उघडून अंगणात ठेवली आणि तिच्याभोवती रोज भाकरीचे तुकडे टाकले. घोंगड्याचेही असेच केले.

सर्वांत बिकट प्रश्न मनी मांजरीचा होता. धावणारे लहान जनावर दिसले की त्याच्यामागे झेपावणे हे कारवानीच्या रक्तातच असते. तेव्हा मनीने कधी धावूच नये, अशी व्यवस्था करणे भाग होते. आधी वासांची ओळख झाली: हरण्याचे गोणपाट मनीच्या फडताळाखाली गेले आणि मनीच्या टोपलीतील चिंधी हरण्याच्या खोलीत आली. मग माजघराच्या गजांच्या खिडकीच्या दोन्ही अंगांना दोघांची जेवणे मांडली जाऊ लागली, प्रथम चांगली लांब, मग वीतवीतभर जवळ. हरण्या टक लावून पाहू लागला की अंतर पुन्हा वाढे. त्याने आपण होऊन नजर काढून आईकडे पाहिले की त्याच क्षणी त्याला बक्षीस मिळे. पुढे दोघे एका खोलीत आली तेव्हाही हरण्याची दोरी आईच्या हाती असे, आणि मनीला उंच फळीवर चढून जायची वाट मोकळी ठेवलेली असे. त्यांची गाढ मैत्री कधी झाली नाही, आणि ती व्हावी असा आग्रहही कोणी धरला नाही. फौजदारांच्या कुत्रीशी जमवणे त्यामानाने सोपे गेले. घरात नव्हे, तर माण नदीच्या वाळवंटात, दोऱ्या सैल सोडून, दोघांना बऱ्याच अंतराने एकाच दिशेला चालवीत नेले, एवढ्यानेच काम झाले.

आषाढीच्या आधी पंढरपूरच्या वाटेवरच्या दिंड्या आमच्या चौकात मुक्कामाला उतरत. टाळमृदंगाचा तो गजर, पताका आणि शेकडो अनोळखी पावले हे हरण्याला झेपणारे नव्हते. अशा रात्री तो आपणहून मागच्या खोलीत जाऊन राही. घरात त्याला कोणी भित्रा म्हटलेले आजीला खपत नसे. ज्याला केव्हा उठून जावे हे कळते आणि जाऊ दिले जाते तो कुणाला चावत नाही, असे ती म्हणे. आणि हरण्या खरोखरच आयुष्यात कुणालाही चावला नाही.

वडिलांची बदली झाली तेव्हा नव्या घरात बैलगाडीतले सामान उतरण्याआधीच आजीने मागच्या अंगाची खोली त्याच्यासाठी राखून घेतली. हरण्या तिथे लवकर रुळला. नव्या कचेरीतल्या मंडळींना मात्र सारे पहिल्यापासून समजावून सांगावे लागले, आणि ते काम तिने पुन्हा मोठ्या उत्साहाने अंगावर घेतले.